समोशाचा बोर्ड सगळ्यांना दिसला, पाच रुपयांचं पाकीट कोणालाच दिसलं नाही

राजेहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. चहासोबत बिस्किट घ्यायचं की नाही ते शेवटी ठरवा.

जुलै २०२५ आठवतो का? देशभरच्या चॅनलवर अचानक आपलं नागपूर झळकलं होतं. मेट्रो नाही, अधिवेशन नाही, उन्हाचा पारा नाही. विषय होता समोसा आणि जलेबी. एम्स नागपूरच्या कॅन्टीनमध्ये आता बोर्ड लागणार, कोणत्या पदार्थात किती तेल आणि किती साखर ते लिहिलेलं असणार, अशी बातमी आली. संध्याकाळपर्यंत तिचं "समोशावर सिगारेटसारखा इशारा" झालं. मग मीम्स सुरू झाले. मीही दोन फॉरवर्ड केले, खोटं कशाला बोलू.

मूळ पत्र केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं होतं, २१ जूनचं. सरकारी कार्यालयं आणि संस्थांनी आपल्या कॅन्टीनमध्ये, लॉबीत तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावावेत, एवढं त्यात म्हटलं होतं. गोंधळ वाढला तेव्हा १५ जुलैला सरकारकडून खुलासा आला: ठेलेवाल्यांच्या मालावर इशारा छापायचा नाही, भारतीय खाद्यपदार्थांना लक्ष्य केलेलं नाही, हा फक्त सल्ला आहे. लोक हसले, काही चिडले, आणि आठ दिवसांत सगळे विसरले.

मला मात्र तेव्हापासून एक गोष्ट टोचते आहे. आपण भांडलो समोशावरून. समोसा निदान समोर तळला जातो. कढई दिसते, तेलाचा रंग दिसतो, आत बटाटा आहे हे कळतं. समोसा काही साधू नाही. मैदा आहे, तळण आहे, आणि काही ठिकाणी तेच तेल सकाळपासून रात्रीपर्यंत उकळत असतं. वापरलेल्या तेलाबद्दल जुलै २०१८ पासून देशात नियमही आहे. तेलातली 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल फेकायचं. पण आठवड्यातून एकदा समोसा खाल्ला काय, रविवारी तर्री पोहे हाणले काय, त्याने एका पिढीची तब्येत बिघडत नाही. बिघडते ती रोजच्या खाण्याने. आणि आपलं रोजचं खाणं गेल्या वीस वर्षांत गुपचूप बदललं. त्यावर कोणी बोर्ड लावला नाही.

हे मला कळलं एका किराणा दुकानात.

आमच्याकडे एक शाळा आहे आणि शाळेच्या फाटकापासून वीस पावलांवर दुकान. सकाळी साडेदहाला मी तिथे गूळ घ्यायला गेलो होतो. आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा आला, पाच रुपयांचं नाणं ठेवलं, वर लटकलेल्या माळेतून एक पाकीट तोडलं आणि तिथेच उभ्याने संपवलं. हाच त्याचा सकाळचा नाश्ता. मागे त्याची आई उभी होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "ताई, हे काय देता त्याला? घरून भाकर-भाजी नाही का देत?"

ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, सहा वाजता घरून निघते मी. चार घरची धुणीभांडी. रात्री आठला घरी. पोट्टं भाकर खात नाही, हे खाल्लं की चूप राहते. तुम्हीच सांगा, काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुकानदार हसून म्हणाला, "पाच रुपयावालंच सगळ्यात जास्त चालून राहिलं जी."

मी तेच पाकीट विकत घेतलं आणि घरी येऊन उलटं करून वाचलं. तुम्हीही एकदा हे करा. आत माल किती? जेमतेम सोळा ग्रॅम. सोळा ग्रॅमला पाच रुपये, म्हणजे किलोला तीनशेच्या वर! आपल्या इतवारीत फुटाणे याच्या निम्म्या भावात मिळतात. शेंगदाणेही त्याहून बरेच स्वस्त पडतात. म्हणजे जी गोष्ट आपण 'गरिबाचं स्वस्त खाणं' म्हणतो, ती वजनाने मोजली तर फुटाण्याच्या दुप्पट महाग आहे. ती आई फसत नाहीये. तिच्याकडे वेळ नाही आणि हाताशी दुसरं काही नाही. पाच रुपयांत, हात न धुता, भांडं न लागता, पोरगं गप्प करणारी दुसरी वस्तू त्या दुकानात टांगलेलीच नव्हती.

आता थोडं शास्त्र, सोपं करून.

ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठात कार्लोस मोंतेरो नावाचे संशोधक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाण्याची चार गटांत विभागणी केली. पहिला गट जसंच्या तसं किंवा थोडंफार साफ-दळलेलं: ज्वारी, डाळ, दूध, भाजी, अंडी, संत्रं. दुसरा गट स्वयंपाकात लागणारं: तेल, तूप, मीठ, गूळ, साखर. तिसरा गट या दोन्हींपासून केलेलं साधं टिकाऊ: लोणचं, पनीर, बेकरीतला साधा पाव. चौथा गट म्हणजे कारखान्यातच बनू शकेल असं. त्यात घरच्या कोणत्याही डब्यात नसलेल्या वस्तू असतात: माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर, 'नेचर आयडेंटिकल फ्लेवर', आयएनएस आणि पुढे आकडे. याला अल्ट्रा-प्रोसेस्ड म्हणतात.

आता कोणी म्हणेल, साखर-मीठ-तेल घरीही असतंच की, मग फरक काय? हा प्रश्न अमेरिकेत केविन हॉल नावाच्या संशोधकाने तपासला. २० धडधाकट माणसांना सरकारी संशोधन केंद्रात ठेवलं. दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं खाणं. दोन्ही ताटांत साखर, मीठ, स्निग्ध पदार्थ आणि तंतू जवळपास सारखेच वाढले होते. खायचं किती ते ज्याचं त्याने ठरवायचं. निकाल २०१९ मध्ये आला. पाकिटवाल्या दोन आठवड्यांत लोकांनी रोज सरासरी ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि पाऊण-एक किलो वजन वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायच्या आधीच पाकीट संपतं. मऊ असतं, चावावं लागत नाही, हात पुन्हा पाकिटात जातो.

म्हणून "एवढंसं खाल्लं तर काय होतं" हा प्रश्नच चुकीचा आहे. ते 'एवढंसं' खाल्लं जात नाही.

आपल्याकडचं चित्र बघा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींच्या वर लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची १७ सूत्रं दिली. त्यात म्हटलं की देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहाराशी जोडलेलं आहे. आणि २०२२-२३ च्या सरकारी खर्च पाहणीत शहरी घरांच्या महिन्याच्या खर्चात पेयं, बाहेरचं आणि प्रक्रिया केलेलं खाणं यांचा वाटा साडेदहा टक्क्यांच्या आसपास निघाला. धान्याचा वाटा त्याच्या निम्माही नाही. खेड्यातही धान्यावरच्या खर्चाला या खर्चाने मागे टाकलं. म्हणजे हे फक्त धरमपेठेचं दुखणं नाही. उमरेड, काटोल, रामटेकच्या गल्लीतही त्याच माळा लटकलेल्या आहेत.

यात दुःख वाटण्यासारखी गोष्ट अशी की हा सगळा विचार जगाला सांगण्याआधी आपल्या दारात झाला होता. नागपूरहून दीड-दोन तासांवर वर्धा. डिसेंबर १९३४ मध्ये तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, मगनवाडीत त्याचं काम चाललं, आणि ते जे. सी. कुमारप्पांनी उभं केलं. गिरणीच्या पॉलिशच्या तांदळाऐवजी हातसडीचा तांदूळ, लाकडी घाण्याचं तेल, साखरेऐवजी गूळ, जात्यावरचं पीठ. आज हेच शब्द गोकुळपेठेतल्या 'ऑरगॅनिक' दुकानाच्या पाटीवर तिप्पट भावाने लिहिलेले दिसतात. कुमारप्पांचा मुद्दा आरोग्याइतकाच रोजगाराचाही होता. तांदळाचा कोंडा गेला की पोषण जातं, आणि सडणारे हात रिकामे झाले की गावाचा पैसा जातो. पॉलिशच्या तांदळाने बेरीबेरी होतो हे तोवर जगाला कळलं होतं. त्या शोधाची वाट दाखवणाऱ्या आइकमानना १९२९ चं नोबेल मिळालं होतं.

आणि आपण काय केलं? आपल्या विदर्भाच्या ताटात ज्वारीची भाकर होती, तुरीचं वरण होतं, जवसाची चटणी होती, अंबाडीची भाजी होती. पावसाळ्यात तरोटा आणि काटवलं, उन्हाळ्यात आंबील, धोप्याच्या पानाच्या वड्या, ज्वारीच्या कण्या. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनच्याही आत. शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि कापूस आला, कारण ज्वारीला भाव नव्हता आणि पाखरं-डुकरं पीक ठेवत नव्हती. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण परिणाम असा झाला की आज दुकानात ज्वारी साध्या गव्हापेक्षा महाग आहे. एकेकाळी 'भाकर खाणारा' हे गरिबीचं लक्षण होतं, आता भाकर हॉटेलच्या मेन्यूत 'स्पेशल' म्हणून येते.

संत्र्याचं बघा. संत्रानगरी म्हणवतो आपण. आंबिया बहाराला डोळ्यासमोर ढीग लागतात, आणि घरात पाहुणा आला की फ्रिजमधून डब्यातला ज्यूस निघतो! संत्र्यातला चोथा रक्तात साखर चढण्याचा वेग कमी करतो. रस काढला की चोथा गेला, डब्यात भरला की आणखी काय काय आलं. पाण्याने पुन्हा पातळ केलेल्या रसाच्या डब्यावर '१०० टक्के फळांचा रस' लिहू नका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाला जून २०२४ मध्ये सांगावं लागलं. म्हणजे तोवर ते लिहिलं जात होतं आणि आपण वाचून विश्वास ठेवत होतो.

त्याहून वाईट गोष्ट ओआरएसची. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे नेहमीचं. जुलाब झाले, ऊन लागलं की आपण मेडिकलमधून 'ओआरएस' लिहिलेलं तयार पेय आणतो. खऱ्या ओआरएसमध्ये एका लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं आणि मिठाचं प्रमाण ठरलेलं असतं. नावात 'ओआरएस' घुसवलेल्या कित्येक गोड पेयांत साखर त्याच्या अनेक पट होती. जुलाब झालेल्या लेकराला ते पाजलं तर जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध सुमारे आठ वर्षं झुंज दिली. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला बंदी केली. एका बाईने आठ वर्षं लावून धरलं तेव्हा एक शब्द पाकिटावरून हटला. बाकीचे शब्द अजून तिथेच आहेत: 'मल्टिग्रेन', 'नो मैदा', 'विथ रिअल फ्रूट'.

आता थांबून दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ही पोस्ट व्हॉट्सअॅपवरच्या 'नैसर्गिक चमत्कार' मेसेजसारखी होईल.

नैसर्गिक म्हणजे आपोआप चांगलं, असं नाही. आपल्या पूर्व विदर्भातली लाखोळी डाळ घ्या. शेतातून आलेली, शंभर टक्के नैसर्गिक. पण दुष्काळात महिनोन्महिने मुख्यतः तीच खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. जुनी माणसं ती डाळ भिजवून, ते पाणी फेकून, मग शिजवायची. तीही एक प्रक्रियाच. दूध उकळणं ही प्रक्रिया आहे. मिठात आयोडीन घालणं ही प्रक्रिया आहे आणि त्याने गलगंड कमी झाला. शत्रू प्रक्रिया नाही. शत्रू ती प्रक्रिया, जी पोषण काढून घेते आणि सवय लावते.

दुसरं म्हणजे, कृपा करून गोळ्या बंद करू नका. कारल्याचा रस आणि मेथीदाण्याच्या भरवशावर मधुमेहाची औषधं सोडलेली दोन माणसं माझ्या ओळखीत आहेत. एकाचा पाय वाचला नाही. जेवण औषधाला साथ देतं, औषधाची जागा घेत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. मागच्या वर्षी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली, म्हणजे उंबरठ्यावर. बाबांना मधुमेह होता, त्यामुळे घाबरलो. मोठं काही केलं नाही. चहासोबतचं बिस्किट सोडलं, रात्री ज्वारीची भाकर सुरू केली, चार वाजताच्या भुकेला फुटाणे-शेंगदाणे, आणि रोज अर्धा तास चालणं. सहा महिन्यांनी ५.८. एका माणसाच्या आकड्यावरून सिद्धांत होत नाही, मला माहीत आहे. पण हे मला जमलं याचं कारण माझी इच्छाशक्ती नाही. घरी भाकर थापणारी बायको आहे, चार वाजता घरी येता येईल अशी नोकरी आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. त्या दुकानातल्या ताईकडे यातलं काहीच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: 'नैसर्गिक खा' हा उपदेश बायकांच्या डोक्यावर आणखी एक काम टाकण्यासाठी वापरू नका. भाकर पाहिजे असेल तर पीठ मळायला पुरुषांनीही हात लावावा. आणि हा प्रश्न फक्त घराचा नाही, शहराच्या कारभाराचा आहे. तिथे मला तीन गोष्टी मागायच्या आहेत.

१) शाळेचं फाटक. २०२० पासून देशात नियम आहे. जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. नागपुरातल्या कोणत्याही शाळेसमोर उभे राहा आणि पावलं मोजा. नियम कागदावर आहे, माळा फाटकावर आहेत. पण दुकानदाराला नुसतं दटावून चालणार नाही. पाच रुपयांत फुटाणे, शेंगदाणा चिक्की, केळं, उकडलेलं अंडं विकण्याची सोय महापालिका आणि बचत गटांनी मिळून केली तर त्याचाही धंदा चालेल.

२) रेशनमध्ये ज्वारी. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हासोबत भरडधान्य हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. कर्नाटकात रेशनमधून रागी आणि ज्वारी देतात. २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून आपण थाटात साजरं केलं, मंत्र्यांच्या जेवणात बाजरीचे पदार्थ झाले. विदर्भातल्या रेशन दुकानात ज्वारी नियमित का येऊ नये? सरकारने खात्रीने विकत घेतली तर शेतकरीही पेरेल.

३) पाकिटाच्या समोर इशारा. चिलीने २०१६ पासून पाकिटांवर काळे अष्टकोन छापायला लावले: साखर जास्त, मीठ जास्त. वाचता न येणाऱ्यालाही कळतं. आपल्याकडे २०२२ मध्ये त्याऐवजी चांदण्या द्यायचा मसुदा आला. हानिकारक पाकिटालाही दीड-दोन चांदण्या मिळाल्या तर लोकांना ते बक्षीसच वाटेल ना! एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या प्रश्नावर तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं होतं. आपल्या खासदाराला यावर एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

आणि तोवर घरी? फार नाही. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. जे सर्वात जास्त असतं ते सर्वात आधी लिहिलेलं असतं. पहिल्या तिघांत साखर, मैदा किंवा पाम तेल दिसलं तर परत ठेवा. तुमच्या आजीला ओळखू येणार नाहीत अशी चार नावं दिसली तरी परत ठेवा. बुधवार बाजारातून या आठवड्यात एक अशी भाजी आणा जी तुम्ही वर्षभरात खाल्ली नाही. आणि समोसा खायचा असेल तर खा, पण ताज्या तेलातला, मित्रासोबत, कधीतरी. त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

परवा मी पुन्हा त्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, "भाऊ, फुटाण्याच्या पाच-पाच रुपयांच्या पुड्या करून त्या माळेशेजारी लटकव ना. नाही खपल्या तर मी घेऊन जाईन." तो म्हणाला, "पाहू जी." काल त्याने दहा पुड्या लटकवल्या. संध्याकाळपर्यंत सहा गेल्या. उरलेल्या चार मी घेतल्या, आत्ता त्याच खात लिहितो आहे.

सहा पुड्यांनी शहर सुधारत नाही. पण त्या माळेशेजारी जागा होती, आणि ती इतकी वर्षं रिकामी होती, एवढं मला कळलं.

तुमच्या गल्लीतल्या शाळेसमोर काय लटकलेलं आहे? शक्य असेल तर आज पावलं मोजून बघा आणि खाली लिहा. शाळेचं नाव नको, फक्त पावलं लिहा.